शेवाळ काढायच्या आधी हिशेब काढा: खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं नत्र आणि स्फुरद

ऊसपट्ट्यातल्या माणसाला नत्र आणि स्फुरद म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. खत पडलं की पिकाबरोबर तणही त्याच जोमानं उठतं, हे सांगली-साताऱ्याकडं पोरासोरांनाही ठाऊक. मग हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत दगडांना हिरवी दाढी फुटली की तोच माणूस दुकानात जाऊन शेवाळाचं औषध का मागतो, हे कोडंच आहे. टाकीतलं शेवाळ हे तण आहे. तण उपटावं लागतंच, पण जमिनीत खत तसंच राहिलं तर पंधरा दिवसांत पुन्हा तेवढंच उभं राहतं.

पहिली फसगत टेस्ट किटवर होते. दगडावर तीन-तीन सेंटिमीटर शेवाळ लोंबतंय आणि टेस्ट म्हणते फॉस्फेट (पाण्यात विरघळलेलं स्फुरद) शून्य. किट खोटं बोलत नाही. ते फक्त पाण्यात मोकळं उरलेलं फॉस्फेट मोजतं. शेवाळानं आधीच पोटात घातलेलं त्याला दिसत नाही. शेतात तण माजलंय आणि माती परीक्षणात स्फुरद कमी आलं, म्हणून आपण 'इथं खत पडलंच नाही' असं म्हणत नाही. ज्या टाकीत शेवाळ भरपूर आणि आकडे शून्य, तिथं खत येतंय भरपूर, फक्त शिल्लक पडायच्या आत उचललं जातंय.

किती येतंय ते काढू. उदाहरणाला प्रत्यक्ष २०० लिटर पाणी असलेली टाकी घेऊ. काचेच्या मापानं नव्हे, दगड आणि वाळूनं अडवलेली जागा वजा करून. रोज १ ग्रॅम सुकं खाद्य पडतं. त्यात प्रोटीन ४५ टक्के धरलं तर नत्र साधारण ७२ मिलिग्रॅम. ते सगळं शेवटी नायट्रेट झालं तर सुमारे ३२० मिलिग्रॅम, म्हणजे २०० लिटरला १.६ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम). फॉस्फरस सुक्या खाद्यात १ टक्क्याच्या आसपास असतो. १० मिलिग्रॅम फॉस्फरस म्हणजे ३० मिलिग्रॅम फॉस्फेट, म्हणजे ०.१५ पीपीएम. हे एका दिवसाचं झालं. आठवड्याला ११ पीपीएम नायट्रेट आणि १ पीपीएम फॉस्फेट. यातलं काही माशांच्या अंगी लागतं, काही स्किमर (फेस करून घाण बाहेर काढणारं यंत्र) उचलतो, काही दगड शोषून घेतात, हे खरं. पण आवक एवढी आहे.

आता जावक. दर रविवारी १० टक्के पाणी बदललं. नायट्रेट २० असेल तर ते १८ झालं. म्हणजे २ गेलं, ११ आलं. फॉस्फेट ०.२ असेल तर ०.०२ गेलं, १ आलं. 'पाणी नियमित बदलतो तरी शेवाळ येतं' या तक्रारीचं उत्तर या चार आकड्यांत आहे. पाणी बदलल्यानं कॅल्शियम आणि सूक्ष्म घटक भरून निघतात, साठलेली घाण ओढून काढता येते. ते करावंच. पण एकट्या त्याच्या जिवावर नत्र-स्फुरद आटोक्यात येत नाही, फॉस्फेट तर नाहीच.

म्हणून पहिला उपाय फुकटचा: खाद्य मोजून घाला. चिमटीनं नको, सोनाराकडं असतो तसा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो, त्यावर. घरातली तीन माणसं येता-जाता चिमूट टाकत असतील तर रोजचा डोस एका डबीत काढून ठेवा. डबी रिकामी म्हणजे मासे जेवले. फ्रोझन खाद्य असेल तर क्यूब गाळणीत ठेवून आरओच्या पाण्यानं विरघळवा आणि खालचं रस्सेदार पाणी टाकून द्या.

पाणी कुठलं

साताऱ्यात ज्या भागाला कासचं पाणी येतं तिथं टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर आकडा कमी दिसतो आणि माणूस निर्धास्त होतो. कमी टीडीएस म्हणजे सिलिकेट (ज्यावर तपकिरी थर वाढतो ते) नाही, असा अर्थ होत नाही. सांगलीत कृष्णेचं पाणी. पावसाळ्यात ते गढूळ होऊन येतं आणि आरओचा गाळ अडवणारा स्पन फिल्टर चार दिवसांत चहाच्या रंगाचा होतो. तो वेळेवर बदलला नाही तर मागच्या मेम्ब्रेनचं आयुष्य जातं. बोअरचं पाणी तर उसाच्या पट्ट्यात वापरूच नका. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे ४० असलेलं पाणी पिण्याच्या कसोटीला उतरतं आणि टाकीचं वाटोळं करतं.

त्यात बाष्पीभवनाची भर. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये टाकीवर पंखा लावला की रोज तीन लिटर पाणी सहज उडतं. उडतं ते शुद्ध पाणी, मागं राहतं ते सगळं तिथंच. भर घालायच्या पाण्यात लिटरला २० मिलिग्रॅम नायट्रेट असेल तर दिवसाला ६० आणि महिन्याला १८०० मिलिग्रॅम, म्हणजे २०० लिटरमध्ये ९ पीपीएम. हे खाद्याच्या व्यतिरिक्त.

'आमच्याकडं आरओ आहे' हे उत्तर नेहमी येतं. स्वयंपाकघरातल्या बहुतेक आरओमध्ये चवीसाठी टीडीएस कंट्रोलर असतो. तो थोडं कच्चं पाणी गाळलेल्या पाण्यात मिसळतो. काहींत त्यापुढं मिनरल कार्ट्रिजही असते. त्यामुळं नळातून ६०–८० टीडीएसचं पाणी येतं. मेम्ब्रेनच्या लगेच पुढून, कंट्रोलरच्या आधी टी काढून वेगळी नळी घ्या आणि तिला डीआय रेझिनची (उरलेले क्षार धरून ठेवणारे कण) कार्ट्रिज जोडा. मीटरवर शून्य आलं पाहिजे. रेझिन संपत आलं की सगळ्यात आधी सिलिका निसटतं आणि ते टीडीएस मीटरला नीट दिसतही नाही. म्हणून रंग बदलणारं रेझिन घ्या आणि पाऊण कार्ट्रिजचा रंग बदलला की बदला. २ किंवा ३ आकडा यायची वाट पाहू नका. जुन्या टाकीत अचानक तपकिरी थर आला तर आधी रेझिनकडं बघा.

मीठ समुद्री टाकीसाठीचंच, स्वयंपाकाचं नको, खडे मीठही नको. लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम, २५ अंशाला विशिष्ट घनता १.०२५–१.०२६. तासगावकडच्या मंडळींसाठी एक सूचना: द्राक्षाची गोडी बघायचं ब्रिक्स मीटर इथं चालत नाही. दिसायला तसाच असला तरी क्षारतेचा रिफ्रॅक्टोमीटर वेगळा, त्याची पट्टी वेगळी. आणि बोर्डो मिश्रणासाठी वापरलेली बादली टाकीच्या पाण्याला कधीच लावू नका. मोरचुदातलं तांबं अगदी थोडं असलं तरी गोगलगाई आणि कोळंबी मरतात, आणि मेलेली गोगलगाय म्हणजे पुन्हा नत्रच.

रत्नागिरीहून समुद्राचं पाणी कॅनमधून आणणारेही आहेत. आणायचंच असेल तर दिवाळीनंतर, भरतीच्या वेळी, खाडीचं तोंड आणि बंदर टाळून. पावसाळ्यात किनाऱ्याजवळचं पाणी गोडं मिसळलेलं आणि नद्यांच्या गाळाचं असतं, त्यात सिलिकेटही भरपूर. आंबा घाटातून चारशे लिटर पाणी वर चढवण्यापेक्षा मिठाची बादली परवडते, असं माझं मत. येताना किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणायचा विचारही करू नका. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे.

आधी ओळखा

सगळ्याला शेवाळ म्हटलं तर उपाय चुकतो. नव्या टाकीत, पहिल्या दोन-तीन महिन्यांत वाळूवर आणि काचेवर तपकिरी भुकटीचा थर येतो, बोटानं पुसला जातो. हे डायाटम. सिलिकेट संपलं की जातात. त्यांच्यावर पैसे खर्च करू नका.

हिरवे केस नत्र-स्फुरदावरच उभे असतात. पण धागा हातात घेऊन उजेडाला धरून बघा. मधला देठ आणि दोन्ही बाजूंना पिसासारखे बारीक फाटे दिसले तर तो ब्रायोप्सिस. तो नायट्रेट उतरलं तरी हटत नाही. त्यावर फ्लुकोनाझोल चालतं, लिटरला ५ मिलिग्रॅम, दोन आठवडे, फिल्टरमधला कार्बन (सक्रिय कोळसा) काढून ठेवून. स्किमरचा कप त्या काळात उतू जातो, तेव्हा कप काढून फक्त हवेसाठी चालवा. कडक हिरवे मण्यांसारखे बुडबुडे म्हणजे व्हॅलोनिया. ते टाकीत फोडू नका, नखानं बुडासकट अख्खे काढा.

लाल-जांभळी गोधडी, जी सिरिंजच्या फवाऱ्यानं पापुद्र्यासारखी उचलली जाते, ती सायनोबॅक्टेरिया. ते शेवाळ नव्हेच, जिवाणू आहेत. प्रवाह मंद आणि तळाला घाण साठलेली असेल तिथं ते पसरतात. अँटिबायोटिकनं एका आठवड्यात जातात आणि कारण तसंच राहिलं तर महिन्यात परत येतात. मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणून रोज संध्याकाळी दगडांच्या फटी फवारा आणि उडालेला गाळ पाइपनं ओढून काढा. वेव्हमेकरची (टाकीत प्रवाह देणारा पंप) दिशा बदला. २०० लिटरला एकूण ताशी ४००० लिटर प्रवाह असावा, आणि तो एकाच काचेवर आपटत नसावा.

चौथा प्रकार वेगळा आणि वाईट: तपकिरी शेंबडासारखे तार, टोकाला हवेचे बुडबुडे. दुपारी सगळ्यात जास्त, रात्री दिवे गेल्यावर निम्मे गायब. हे डायनोफ्लॅजेलेट, बोलीत डायनो. खात्री करायची असेल तर थोडा शेंबूड टाकीच्या पाण्यासह बाटलीत घ्या, जोरात हलवा, फिल्टर पेपरमधून गाळा आणि खालचं स्वच्छ पाणी तासभर उजेडात ठेवा. पुन्हा तार जमले तर डायनो. यावर उपाय नेमका उलटा आहे, तो शेवटी.

तण उपटणं

हिरव्या केसांसाठी जे दगड उचलता येतात ते बाहेर काढा. बादलीत टाकीचंच खारं पाणी घ्या, पाणी बदलायच्या दिवशी काढलेलं. दगड त्यात बुडवून शेवाळ मुळापासून चिमटीत धरून उपटा. ते निघताना चर्र असा बारीक आवाज येतो आणि खाली दगडाचा पांढुरका ठिपका दिसतो. हिरवा बुडखा राहिला तर आठवड्यात परत येतो. मग टूथब्रश. घासताना दगड पाण्याखालीच ठेवा, नाहीतर तुटलेले तुकडे फटीत बसतात. बादलीचं पाणी पाच मिनिटांत मुगाच्या सारासारखं होतं. हे काम टाकीत करू नका. तुटलेला प्रत्येक धागा जिथं बसेल तिथं रुजतो.

चिवट जागेला हायड्रोजन पेरॉक्साइड. आपल्याकडं मेडिकलमध्ये मिळतं ते बहुधा २० व्हॉल्यूम, म्हणजे ६ टक्क्यांचं. परदेशी व्हिडिओत सांगतात ते ३ टक्क्यांचं असतं. त्यामुळं तेवढंच आरओ पाणी घालून निम्मं करा. दगड बाहेर असताना ड्रॉपरनं फक्त शेवाळावर सोडा, फेस येऊ द्या, दोन-तीन मिनिटांनी खाऱ्या पाण्यात खळखळून धुऊन परत ठेवा. दोन-चार दिवसांत ती जागा पांढरी पडते. क्लीनर कोळंबीला हे अजिबात सोसत नाही, म्हणून धुण्यात कंटाळा नको. एका दिवशी एक-दोनच दगड घ्या.

वाळू साफ करायची तीही तिसरा हिस्सा एका वेळी. जुनी खोल वाळू एकदम ढवळली तर सडक्या अंड्यांचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड, आणि मासे त्याला टिकत नाहीत.

जावक वाढवणं

स्किमर हा सगळ्यात प्रामाणिक गडी. तो घाण सडून नायट्रेट व्हायच्या आत बाहेर काढतो. पण त्याच्या गळ्याला चिकट थर बसला की फेस वर चढत नाही. कप आठवड्यानं धुतात आणि गळा महिनाभर तसाच ठेवतात, ही नेहमीची चूक. गळा दर तीन दिवसांनी कापडानं पुसा. शेवाळ असेपर्यंत फेस थोडा ओला ठेवा, चहाच्या रंगाचा. डांबरासारखा घट्ट माल बघायला बरा वाटतो, पण त्यात एकूण कमी निघतं. फिल्टर सॉक (पाणी गाळणारी कापडी पिशवी) तीन-चार दिवसांनी बदलला नाही तर अडकलेली घाण तिथंच विरघळून परत टाकीत जाते. मग सॉक नसलेला बरा.

लहान शहरात, जिथं प्रत्येक वस्तू कुरिअरनं मागवावी लागते, तिथं माझी पसंती टर्फ स्क्रबरला आहे. शेवाळ वाढणारच असेल तर ते आपण सांगू त्या जागी वाढू दे. भरतकामाची प्लास्टिक जाळी घ्या आणि करवतीच्या पात्यानं दोन्ही बाजू खरबरीत करा, अगदी हाताला टोचेल इतकी. वर फट पाडलेला पाइप, त्यातून जाळीवर पाण्याचा पातळ पडदा. रुंदीच्या दर सेंटिमीटरला ताशी ५० लिटर पाणी लागतं. रोज फ्रोझनचा एक क्यूब पडत असेल तर ८ बाय १० सेंटिमीटरची जाळी पुरते, दोन्ही बाजूंनी ६६० नॅनोमीटरचे लाल एलईडी लावून. एकाच बाजूनं दिवा असेल तर जाळी दुप्पट करा. पहिले दोन आठवडे दिवा ९ तासच, नाहीतर कोवळं शेवाळ करपून पिवळं पडतं. पुढं दर ७ ते १० दिवसांनी जाळी नळाखाली खरवडायची. खरवडलं नाही तर आतला थर उजेडाअभावी सडतो, सुटून पडतो, आणि बाहेर काढलेलं नत्र परत पाण्यात. सम्पमध्ये (मुख्य टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीत) जागा असेल तर चीटो (धाग्यांचा हिरवा गुंता) चालतो, त्याचा दिवा रात्री लावा. पण तोही शेवाळच. नायट्रेट आणि फॉस्फेट यांतलं एक जरी शून्याला टेकलं तरी तो वाढायचा थांबतो.

नायट्रेट ४०च्या वर अडकलं असेल तर व्हिनेगर. किराणा दुकानातलं पांढरं, रंग न घातलेलं. २०० लिटरला रोज १.५ मिली, तीन दिवस. मग ३ मिली, चार दिवस. त्यानंतर आठवड्याला ३–४ मिलीनं वाढवत जा आणि नायट्रेट उतरायला लागलं की तिथंच थांबा. १०च्या आसपास आलं की डोस निम्मा करा. सकाळी घाला, कारण त्यानं पीएच थोडा पडतो. यात जिवाणू नत्र खाऊन वाढतात आणि स्किमर त्यांना उचलतो, त्यामुळं दमदार स्किमर नसेल तर हा खेळ नको. पाणी दुधाळ झालं तर डोस लगेच बंद करून हवेचा दगड लावा. जिवाणू प्राणवायू ओढतात आणि सांगलीच्या उन्हाळ्यात गरम पाण्यात तो आधीच कमी. वीज जाण्याची शक्यता असेल त्या दिवशी डोस टाळा, आणि बॅटरीवरचा एअर पंप घरात असूच द्या.

व्हिनेगरनं नायट्रेट झपाट्यानं उतरतं, फॉस्फेट सावकाश. सजीवांच्या अंगी साधारण १६ अणू नत्रामागं १ फॉस्फरस लागतो, वजनात बघाल तर १० भाग नायट्रेटमागं १ भाग फॉस्फेट. नत्र संपलं की उरलेलं फॉस्फेट उचलायला कुणी उरत नाही. मग जीएफओ, म्हणजे फॉस्फेट धरणारे लोहाचे दाणे. पाकिटावरच्या मात्रेच्या निम्म्यानं सुरुवात, धुऊन, रिअॅक्टरमध्ये (दाण्यांतून पाणी फिरवणारं नळकांडं) कण जेमतेम हलतील इतक्याच प्रवाहावर. जोरात घुसळलं तर त्याची लाल पूड होऊन टाकीत येते.

जीएफओ घातल्यावर दुसऱ्या दिवशी ०.०५ दिसतं आणि आठवड्यानं पुन्हा ०.१५. लोक म्हणतात माल बनावट. माल ठीक असतो. वर्षभर जादा फॉस्फेटमध्ये राहिलेल्या चुनखडीच्या दगडानं ते धरून ठेवलेलं असतं आणि पाण्यातलं कमी झालं की तो सोडू लागतो. दगडाची ही तिजोरी रिकामी व्हायला महिने लागू शकतात. आठवड्याला एकदा मोजा, त्याच वेळी, खाद्य घालायच्या आधी. हॅना चेकरचं (हातातलं डिजिटल टेस्ट यंत्र) फॉस्फरस पीपीबीवालं मॉडेल असेल तर आकड्याला ३.०६६नं गुणून हजारानं भागा. १० पीपीबी म्हणजे ०.०३१ पीपीएम फॉस्फेट.

दिव्याबद्दल थोडक्यात: ८ तास पुरेत, पांढरा आणि लाल चॅनल कमी करा, पश्चिमेच्या खिडकीला पडदा लावा. दिवे कमी करून वाढ मंदावते, खत तिथंच राहतं. गोगलगाईंबद्दलही तेच. टर्बो आणि ट्रोकस आखूड शेवाळ खातात, लांब दाढीला तोंड लावत नाहीत. आधी आपण उपटायचं, मग त्यांनी राखायचं. आणि त्या जे खातात त्याचं खत त्याच टाकीत पडतं.

शून्यापर्यंत जाऊ नका

नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम एवढं राहू द्या. उत्साहाच्या भरात व्हिनेगर, जीएफओ आणि स्क्रबर तिन्ही एकदम लावले की दोन्ही आकडे शून्यावर जातात, हिरवं शेवाळ मरतं, आणि मोकळ्या झालेल्या दगडांवर तो तपकिरी शेंबूड चढतो. डायनोला अशा उपाशी टाकीत स्पर्धकच नसतो. इथं पाणी बदलणं थांबवा, जीएफओ आणि व्हिनेगर बंद करा, आणि खत घाला. होय, विकत आणून.

२०० लिटरमध्ये नायट्रेट ५ पीपीएमनं वाढवायला १.६ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट लागतं. फॉस्फेटसाठी मोनोपोटॅशियम फॉस्फेट १.४३ ग्रॅम एक लिटर आरओ पाण्यात विरघळवा. त्याच्या एका मिलीत १ मिलिग्रॅम फॉस्फेट येतं, म्हणजे १० मिलीनं २०० लिटरला ०.०५ पीपीएम. दगड त्यातलं बरंच गिळतील, म्हणून दुसऱ्या दिवशी मोजून पुन्हा घाला. ही दोन्ही नावं ओळखीची वाटली असतील: १३:००:४५ आणि ०:५२:३४, कृषी सेवा केंद्रात थप्पीला लागलेली असतात. टाकीसाठी मात्र लॅब ग्रेडचं शंभर ग्रॅम मागवा. ठिबकच्या ग्रेडच्या पोत्यात सोबत आणखी काय आलंय ते आपल्याला माहीत नसतं.

रात्री पाण्यात तरंगायला जाणारे डायनो असतील तर यूव्ही स्टरिलायझर थेट टाकीतून पाणी घेऊन चालवा, सम्पमधून नको, आणि तीन दिवस दिवे पूर्ण बंद ठेवा. वाळूतच राहणारे असतील तर यूव्हीचा उपयोग नाही. गोगलगाई उलट्या पडून मरू लागल्या तर मेलेल्या लगेच काढा आणि ताजं कार्बन लावा, काही डायनो विषारी असतात. आकडे वर आले की आठवडाभरात दगडांवर पुन्हा हलकी हिरवी झाक दिसू लागते. ती पुसू नका.